सोमवारी गेलेल्या सासूबाई

सीटवालीच्या सासूबाई जिवंत होत्या, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं, आणि चहा जरा कोमट झाला की त्या सुनेला फैलावर घेत होत्या. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण पुढे जे लोक येणार आहेत ते शिकलेले, कामसू आणि मनाने खरोखर चांगले आहेत, पण एवढी साधी गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटवता आली नाही.

सीटवाली म्हणजे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणारी बाई. गॅरेजांच्या रांगेत तिचं दुकान होतं. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. रेक्झिनचे तागे, फोमचे तुकडे, जाड सुईचं मशीन, आणि दाराशी उघडी पडलेली एखादी सीट. गॅरेजवाल्यांनी ठेवलेलं नाव इतकं रुळलं की नवराही कधीकधी तिला त्याच नावाने हाक मारी. नवरा वेल्डर. काम करताना तोंडापुढे मुखवटा, त्यामुळे बोलायची सोय नाही, आणि ती सवय त्याने घरीही लावून घेतली होती. घरातलं सगळं बोलणं सासूबाईंकडे होतं.

एका सकाळी सासूबाईंचं कमरेखालचं अंग गेलं. वरचं मात्र तसंच राहिलं, आवाजासकट. अंगाने त्या भरलेल्या. त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवायचं म्हणजे दोन माणसं हवीत, आणि दिवसा घरात एकच असे. एकदा तिने एकटीने प्रयत्न केला आणि सासूबाई हातातून निसटल्या. खांद्याचं हाड मोडलं. सीटवाली शेजारी जमिनीवर बसून रडली. रडून झाल्यावर तिला राग आला, आणि राग आला की तिचे हात चालायला लागतात.

भंगारातल्या गाड्यांचे सीटबेल्ट तिने कापून आणले. जो पट्टा टक्कर झाली तरी धडधाकट पुरुषाला सोडत नाही तो माझ्या सासूला काय सोडेल, असा तिचा साधा हिशेब. त्या पट्ट्यांची तिने झोळी शिवली: पाठीला एक रुंद पट्टा, मांड्यांखालून दोन. नवऱ्याने पाइपांचा उभा सांगाडा जोडून दिला, खाली चाकं लावली, आणि दुकानाचं शटर वर करायला असते ती दांड्याची पेटी वर बसवली. दांडा फिरवला की माणूस वर, उलटा फिरवला की खाली, आणि हात सोडला तर आहे तिथेच थांबतो. आधी त्यात नवरा बसला. मग सासूबाई म्हणाल्या, "आता मला बसवा. तो काय, तो उड्या मारून पण उतरेल."

त्या दिवशी सासूबाई खिडकीशी बसल्या. पुढच्या गल्लीत काय चाललंय ते त्यांनी इतक्या दिवसांत पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत चार गॅरेजवाल्यांना त्यांनी कामाची पद्धत शिकवली.

सासूबाईंच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला एक बाई येत. त्यांनी ते यंत्र पाहिलं आणि केंद्रात जाऊन सांगितलं. केंद्र म्हणजे नव्या उद्योगांना हात देणारी संस्था. जुन्या छापखान्याच्या इमारतीत काचेच्या खोल्या केलेल्या, भिंतींवर रंगीत कागद चिकटवलेले, आणि जमिनीवर बसायला मऊ मऊ गोळे, ज्यात एकदा बसलं की उठता येत नाही. माणसांना उठवायचं यंत्र करणाऱ्या बाईला ते बघून पहिल्याच दिवशी हसू आलं.

पण केंद्राची निंदा करून चालणार नाही. खरं ते खरं सांगावं. केंद्राने तिला काय दिलं नाही? जिथे वेल्ड तुटत होतं तिथे पाइप वाकवून घ्यायची युक्ती तिथल्याच एका सायकलवाल्या उद्योजकाने दाखवली. पट्टे ओढून, भिजवून, तापवून तपासायची प्रयोगशाळा केंद्राने मिळवून दिली. एका मोठ्या इस्पितळाने वॉर्डात यंत्र ठेवून घेतलं, आणि तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं म्हणून मांड्यांखालच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा आली, आजाऱ्याला झोळीतच शौचाला बसता येईल अशी. एकटीला हे सात जन्मांत जमलं नसतं. गल्लीतल्या सहा बायका तिच्याकडे शिवायला यायला लागल्या. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि कितीतरी घरांत पडून असलेली माणसं खिडकीशी बसायला लागली.

याची किंमत एवढीच, की दर सोमवारी गोष्ट सांगावी लागे.

ती केंद्राची रीतच होती. सोमवारी सगळे उद्योजक गोल बसत आणि एकेकाने उभं राहून आपला उद्योग कसा सुरू झाला ते तीन मिनिटांत सांगायचं. पैसे लावणारे लोक फक्त तेवढंच ऐकतात म्हणे. समोर घड्याळ घेऊन केंद्राचे मार्गदर्शक बसत. त्यांना सगळे घड्याळवाले सर म्हणत. ऐकणाऱ्यांनी जिथे लक्ष उडालं तिथे हात वर करायचा. हात वर झाला की ते वाक्य गेलं. असं सोमवारमागून सोमवार चाळत चाळत गोष्ट गुळगुळीत करायची.

सीटवालीच्या गोष्टीतून आधी नवरा गेला. मग भंगारवाला गेला. एका सोमवारी ती म्हणाली, "आणि आता सासूबाई रोज खिडकीशी बसतात आणि अख्ख्या गल्लीला सूचना देतात," तेव्हा सगळे खळखळून हसले. हात एकच वर झाला. तो खुद्द घड्याळवाल्या सरांचा.

"ताई, तिथे हसू यायला नको," ते म्हणाले. "आत्ता कुठे लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला लागलेलं असतं, आणि तुम्ही त्यांना हसवता. हे वाक्य काढा."

"पण मग त्यांचं पुढे काय झालं ते कळणार कसं?"

"विचारलं कुणी तर सांगायचं. तुम्ही सासूबाई पडल्या तिथे थांबा. एक श्वास घ्या. मग म्हणा, त्या दिवशी मी ठरवलं, हे दुसऱ्या कुणाच्या घरात होऊ द्यायचं नाही."

तिने तसं म्हणून पाहिलं. खोलीत कुणी हललं नाही. पाणी तपासायची पट्टी बनवणारा आणि दर सोमवारी आजारी भावाची गोष्ट सांगणारा एक पोरगेलासा उद्योजक तर नाक पुसायला लागला. तिलाही बरं वाटलं. खोटं का बोला, छान वाटलं तिला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं इतकी माणसं श्वास रोखून ऐकत होती.

निवडीच्या दिवशी मोठ्या सभागृहात तिने ती गोष्ट सांगितली, आणि परीक्षकांतल्या एका बाई उठून तिच्याजवळ आल्या, तिचे हात हातात घेतले. या एका मोठ्या निधीच्या प्रमुख. त्यांचा शब्द म्हणजे इस्पितळांच्या दहा दारांची किल्ली. "फार सोसलंत हो," त्या म्हणाल्या. सीटवालीला वाटलं, खांद्याच्या हाडाबद्दल म्हणतायत. ती म्हणाली, "हो ना, त्यांना तर फारच दुखलं." निधीवाल्या बाईंनी मान खाली घातली.

केंद्राने सासूबाईंचा एखादा फोटो मागितला तेव्हाही तिला काही कळलं नाही. तिने हौसेने दिला. महिन्याभराने प्रदर्शनात गेली तर तिच्या यंत्रामागे पुरुषभर उंचीचा सासूबाईंचा फोटो, रंग काढून काळापांढरा केलेला, आणि खाली लिहिलेलं: त्यांच्या स्मृतीस. सूत्रसंचालकाने सगळ्यांना एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. तीही राहिली. काय करणार?

तिने घड्याळवाल्या सरांना कोपऱ्यात गाठलं. "सर, सासूबाई आहेत. घरी आहेत. आत्ता येताना मी त्यांचे केस विंचरून आलेय."

सरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ताई, तुम्ही म्हणालात का त्या गेल्या म्हणून?"

"नाही."

"मी म्हणायला लावलं?"

"नाही."

"मग खोटं कुणीच बोललेलं नाही. लोकांना तसं वाटलं. लोकांना काय वाटावं हे का आपल्या हातात असतं? इस्पितळांचं काम एवढं मार्गी लागू द्या, मग आपण हळूच दुरुस्त करू. आत्ता दुरुस्त केलं तर निधीवाल्या बाईंना वाटेल, आपण त्यांना फसवलं. तुमच्या सहा बायकांचं काय?"

सर वाईट नव्हते. ते रात्रंदिवस दुसऱ्यांच्या उद्योगांसाठी राबत. पण 'हळूच दुरुस्त करू' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांना त्याचा अर्थ माहीत आहे.

तिथून पुढे सीटवाली अडकली ती अडकलीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बाहेर तिला सासूबाईंच्या आठवणी सांगाव्या लागत आणि घरी येऊन त्यांची पाठ चोळावी लागे. केंद्रातलं कुणी रस्त्यात भेटलं की हातातली औषधाची पिशवी ती पाठीमागे धरी. एकदा फोनवर निधीवाल्या बाईंशी बोलताना आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, कुणाशी एवढं गुलुगुलु बोलतेयस? मला उठव आधी!" बाईंनी विचारलं, कोण? ती म्हणाली, टीव्ही. फोन ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. जिवंत माणसाला टीव्ही म्हणावं लागतं, ही कसली भरभराट, असं तिला वाटलं, आणि तिने स्वतःलाच मनातल्या मनात शिव्या घातल्या.

तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"सांगून टाक," तो म्हणाला.

"कुणाला?"

"दोघींना. आईला आणि त्या बाईंना."

"तू सांगतोस?"

त्यावर त्याने मुखवटा नसतानाही मुखवट्यातलं तोंड केलं.

शेवटी सासूबाईंना कळलं ते शिवायला येणाऱ्या एका बाईमुळे. तिला वाचता येत नव्हतं; तिने कौतुकाने फोन पुढे धरला. "बघा आई, तुमचा केवढा फोटो! अख्खं सभागृह उभं राहिलंय तुमच्यासाठी." सासूबाईंनी ते दोनदा पाहिलं, फोटोखालची अक्षरं वाचली. मग सुनेला हाक मारली. सीटवाली आत गेली आणि फोन बघूनच दाराशी थांबली.

"कशाने गेले गं मी?" सासूबाईंनी विचारलं.

सीटवालीने सगळं सांगितलं. सोमवार, घड्याळ, हात वर करणं, कापलेलं वाक्य. सासूबाईंनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी हसवत होते म्हणून मेले."

"आई, मी उद्या जाऊन सांगते."

"आणि त्या बायकांना काय सांगशील? उद्यापासून घरी बसा?" त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मला राग आलाय, हे लक्षात ठेव. पण पडून राहणं काय असतं ते मला माहितीय. ते यंत्र थांबवू नकोस." त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

आणि अशातच निधीवाल्या बाईंचा निरोप आला. शेवटचा निर्णय घेण्याआधी त्यांना जिथे हे सगळं सुरू झालं ती जागा बघायची होती. म्हणजे हेच घर.

नवऱ्याने सुचवलं, आईला दोन तास शेजारी हलवू. सासूबाई उसळल्या. "मी मेलेय तर मेलेय, पण माझं घर सोडून जायची नाही! कुणी विचारलं तर मी माझी बहीण आहे म्हणून सांगीन. हिची मावससासू. झालं?"

"आई, तुम्हाला बहीण कुठेय?" सीटवाली रडकुंडीला येऊन म्हणाली.

"नव्हती. आता झाली. मला मारताना विचारलं होतंस का कुणाला?"

ठरल्या दिवशी निधीवाल्या बाई आल्या, सोबत घड्याळवाले सर आणि एक फोटो काढणारा. बायकांना बजावून ठेवलं होतं; त्या मान खाली घालून मशीन चालवत होत्या. निधीवाल्या बाईंनी पट्टे हातात घेऊन पाहिले, शिवण ओढून पाहिली, नेमके प्रश्न विचारले. त्यांना कामातलं कळत होतं. मग त्या आतल्या खोलीच्या दाराशी आल्या आणि पलंगावरच्या म्हातारीला पाहून थबकल्या. चेहरा फोटोतल्यासारखाच.

"या कोण?"

सासूबाईच बोलल्या. "मी गेली तिची धाकटी बहीण. मलाही तेच दुखणं. आमच्या घराण्यातच आहे."

सर पटकन म्हणाले, "ताईच करतात यांचं सगळं." निधीवाल्या बाईंचे डोळे लगेच भरून आले. त्यांनी विचारलं, यंत्र चालताना बघता येईल का? सीटवालीने सांगाडा पलंगाशी आणला, झोळी सासूबाईंच्या पाठीमागून सरकवली, मांड्यांखालून पट्टे घेतले, कड्यांत अडकवले. हे ती रोज करी. आज प्रत्येक कडं तिने दोनदा ओढून पाहिलं. तिने दांडा फिरवायला सुरुवात केली. सासूबाई हळूहळू वर उचलल्या गेल्या.

"बहिणीची आठवण येते का हो?" निधीवाल्या बाईंनी हळुवारपणे विचारलं.

"येते ना," सासूबाई म्हणाल्या. "बिचारी फार बोलायची. तिचं बोलणं कुणालाच नको होतं."

सीटवालीचा हात थांबला. सासूबाई पलंग आणि खुर्ची यांच्या मधोमध, हवेत थांबल्या. सीटवालीला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. बायकांचं काय व्हायचं ते होवो.

"या माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली. "मेल्या नाहीत त्या. ह्याच त्या."

पुढच्या खोलीतली मशीनं एकामागून एक बंद पडली. सरांनी डोळे मिटून घेतले. निधीवाल्या बाई सीटवालीकडे बघत राहिल्या, आणि मग पुढे येऊन त्यांनी तिला मिठीच मारली.

"हेच," त्या भरल्या गळ्याने म्हणाल्या. "हेच बघायला मी आले होते. सासू गेली तरी तुम्ही तिला जाऊ दिलं नाहीत. तिच्या बहिणीत बघताय तिला."

"नाही हो बाई, बघत नाही. आहेत. खरंच आहेत."

"कळतंय मला. सगळं कळतंय." त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. सरांनी डोळे उघडले. "ताई तसंच मानतात त्यांना," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता.

सीटवालीने सासूबाईंकडे पाहिलं. तुम्ही तरी सांगा, असं तिला म्हणायचं होतं. सासूबाई झोळीत लोंबकळत होत्या. त्यांनी आधी निधीवाल्या बाईंचे भिजलेले डोळे पाहिले, मग दाराशी गोळा झालेल्या सहा बायका पाहिल्या.

"अगं, मला खाली ठेव," त्या म्हणाल्या. "मावशी झाली म्हणून काय झालं, पट्टा मांडीला रुततोच."

सगळे हसले. फोटो काढणाऱ्याने फोटो काढला. आठवड्याभरात दहा इस्पितळांचं काम मिळाल्याचं पत्र आलं, आणि गल्लीतली आणखी एक खोली भाड्याने घ्यावी लागली.

पाहुणे गेल्यावर त्या संध्याकाळी सीटवाली पलंगाशी बसून होती. सासूबाईंनी तिचा हात ओढून आपल्या हातात घेतला. हे त्या कधी करत नसत. "तू तोंड उघडलंस," त्या म्हणाल्या. "तेवढं मला पुरे. चहा टाक, आणि गरम आण."

त्यानंतर सीटवालीने आणखी दोन-तीनदा प्रयत्न केला. एका बातमीदाराला सांगितलं. त्याने छापलं, 'सासूबाई आजही माझ्यासोबत आहेत.' केंद्रातल्या पाणी तपासणाऱ्या पोरगेल्या उद्योजकाला सांगितलं, तो म्हणाला, "ताई, माझा पण भाऊ कधी आजारी नव्हता." दोघंही आपापल्या जागी जाऊन बसले. सोमवार होता.

पुढचं वर्ष कामात गेलं. यंत्र दूरदूरच्या वॉर्डांत पोचलं. घरी सासूबाईंची छाती भरत गेली, आवाज बारीक झाला, आणि एक दिवस पहाटे, सून उशी सारखी करत असताना त्या गेल्या. आधी सीटवालीला ते खरंच वाटलं नाही. तिने दोनदा हाक मारली. मग नवऱ्याला उठवलं. तो आईच्या पायांशी बसून मोठमोठ्याने रडला. घरात त्याचा एवढा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

बायका आल्या. मशीनं झाकली. दुपारी सगळं उरकून माणसं परतली तेव्हा तिचा फोन वाजत होता. घड्याळवाले सर. उद्या बाहेरून पाहुणे येणार होते आणि गोष्ट सांगायला तिला यायचं होतं.

"सर, मला यायला जमायचं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडचं माणूस गेलंय."

"अरेरे! कोण गेलं, ताई?"

तिने तोंड उघडलं. रिकाम्या पलंगावर झोळी तशीच पसरलेली होती, कालच धुतलेली. शब्द अगदी ओठांवर होता. इतकी वर्षं या बाईला ती जी हाक मारत आली तीच फक्त सांगायची होती, आणि ती हाक आता कुणालाच कळणार नव्हती; इतके सोमवार ऐकून सरांनाही गोष्टच खरी वाटायला लागली होती.

"मावससासू," ती म्हणाली.

"अरेरे," सर म्हणाले. मग थोडं थांबून, अगदी मायेने: "म्हणजे तशा लांबच्याच. मग परवा तरी याल ना?"

"येते," सीटवाली म्हणाली.